अंधारातले बांगडे आणि बायरिंकसर

सगळ्यात आधी एक कबुली. माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण तो मार्कांपुरता. त्यामुळे संपादकांनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका प्रूफ तपासणाऱ्यांनी काढल्या असतील, राहिल्या असतील त्या माझ्या समजा. तरीही मराठीतच का लिहिलं ते शेवटी सांगते.

माझं आजोळ मालवणजवळ. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेले होते. मामाने बर्फातले बांगडे आणले होते. गप्पांच्या नादात ते मागच्या पडवीत टोपातच राहिले. रात्री लाईट गेली आणि मी मेणबत्ती शोधायला पडवीत गेले. बघते तर काय, टोपातून निळसर हिरवा उजेड येत होता! ट्यूबलाईटसारखा लखलखीत नाही, घड्याळाच्या रेडियमच्या काट्यांसारखा मंद. पण प्रत्येक बांगड्याचा आकार दिसत होता. मी किंचाळले. आजी शांतपणे आली, टोप विहिरीवर नेला, दोन कळशा पाणी ओतून मासे खसाखसा चोळले आणि उजेड गेला. भूत असतं तर पाण्याने धुवून गेलं असतं का, असं तिचं लॉजिक. मग ते बांगडे तिने माडाच्या मुळाशी पुरले आणि जाऊन झोपली.

मला मात्र झोप लागली नाही. विहिरीच्या पाण्याने विझला तो उजेड कसला? आग तर नव्हती. आणि पाण्यानेच विझायचा असेल तर जन्मभर पाण्यात राहिलेल्या माशावर तो आला कुठून?

कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीत शोधाशोध केली. उत्तर मिळालंच, पण त्याच्याबरोबर एक माणूसही भेटला. मार्टिनस विलेम बायरिंक, हॉलंडचे. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकांत त्यांचं नाव लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या रांगेत येतं. माझ्यासाठी सगळ्यात मोठं सरप्राइज म्हणजे हा माणूस मूळचा आपल्यासारखाच, केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी!

बायरिंक यांचा जन्म 16 मार्च 1851 चा, ॲम्स्टरडॅममधला. चार भावंडांत धाकटा. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता, तो बुडाला. घर सोडावं लागलं आणि वडिलांनी रेल्वेत कारकुनाची नोकरी धरली. शाळेची फी परवडत नव्हती म्हणून मार्टिनसला सुरुवातीला वडिलांनीच घरी शिकवलं. त्यामुळे शाळेत गेल्यावर तो वर्गात बावरलेला असायचा. पण त्याला झाडापानांचा नाद लागला आणि वनस्पती गोळा करण्याच्या एका स्पर्धेत त्याने बक्षीस मिळवलं. खरं म्हणजे त्याला वनस्पतिशास्त्रच शिकायचं होतं. पण पैसे काकांचे आणि नोकरीची गरज घरची. त्यामुळे 1869 मध्ये तो डेल्फ्ट गावच्या पॉलिटेक्निकमध्ये केमिकल इंजिनिअरिंगला दाखल झाला. आपल्यापैकी किती जणांची हीच स्टोरी आहे, हात वर करा!

डेल्फ्टला तो ज्या घरात राहायचा तिथे आणखी एक विद्यार्थी राहत होता, याकोबुस व्हान्ट हॉफ. हो, तेच, थर्मोडायनॅमिक्समध्ये ज्यांचं इक्वेशन आपण पाठ करतो ते, 1901 सालचं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळवणारे. हे दोघे खोलीतच रसायनांचे प्रयोग करायचे. आमच्या रेक्टर मॅडमनी इलेक्ट्रिक किटलीसुद्धा जप्त केली, तिथे या दोघांचं काय झालं असतं कोण जाणे!

1872 मध्ये डिप्लोमा घेऊन बायरिंक बाहेर पडले. मग शेतकी शाळांतून शिकवण्याची नोकरी. ती सांभाळून त्यांनी झाडांवर येणाऱ्या गाठींवर काम केलं आणि 1877 मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. 1885 मध्ये डेल्फ्टमधल्या यीस्ट आणि स्पिरिटच्या कारखान्याने त्यांना बोलावलं आणि खास प्रयोगशाळा दिली. पगार चांगला होता. पण कारखान्याला आपला म्हणावा तेवढा उपयोग होत नाही, ही टोचणी त्यांना लागून राहिली. मोकळ्या वेळात त्यांनी केलं काय? 1888 मध्ये शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले बॅक्टेरिया वेगळे केले. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देणारे हेच ते बॅक्टेरिया. आणि 1889 मध्ये ते माझ्या बांगड्यांपर्यंत पोचले.

हॉलंडला उत्तर समुद्राचा किनारा आहे. त्या समुद्राच्या पाण्यातून बायरिंक यांनी प्रकाश देणारे बॅक्टेरिया वेगळे केले आणि त्यांच्या गटाला ‘फोटोबॅक्टेरियम’ हे नाव दिलं. मासे चमकतात हे लोकांना फार जुनं माहीत होतं. आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातल्या रॉबर्ट बॉइलनेसुद्धा 1660 च्या दशकात व्हॅक्यूम पंपाखाली चमकणारं लाकूड आणि मासे ठेवून पाहिले होते आणि हवा काढली की उजेड जातो हे दाखवलं होतं. बर्नहार्ड फिशर या जर्मन डॉक्टरांनी 1887 मध्ये वेस्ट इंडीजच्या समुद्रातल्या अशाच बॅक्टेरियाचं वर्णन केलं होतं. त्यांच्या मानार्थ बायरिंक यांनी एका जातीला ‘फिशेरी’ नाव दिलं. पण बायरिंक यांचा प्रश्न जरा वेगळा होता. हा जीव कोणता, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो कोणत्या परिस्थितीत उजेड देतो आणि कोणत्या परिस्थितीत देत नाही, हे त्यांना हवं होतं.

त्यासाठी त्यांनी माशाचा रस्सा केला! म्हणजे समुद्राच्या पाण्यात मासे उकळायचे, गाळायचे, त्यात जिलेटिन घालून गोठवायचं आणि त्यावर बॅक्टेरिया वाढवायचे. मग एकेक गोष्ट बदलत जायचं. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या लोकांच्या कामातून जे कळलं ते थोडक्यात असं.

पहिली गोष्ट मीठ. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि हे बॅक्टेरिया त्याच हिशोबाने बांधलेले असतात. त्यांना गोड्या पाण्यात टाकलं की ऑस्मॉसिसने पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. आजीने विहिरीवर जे केलं ते हेच! भूत गेलं ते ऑस्मॉटिक प्रेशरने. पावसाळ्यात नद्यांचं पाणी येऊन खाडीच्या तोंडाशी खारटपणा घसरतो, तेव्हा तिथल्या अशा बॅक्टेरियांचे दिवसही कठीण होतात.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. प्रकाश देणारं एन्झाइम, लुसिफरेज, ऑक्सिजनशिवाय काम करत नाही. या बॅक्टेरियांनी भरलेली बाटली स्थिर ठेवली तर आतला ऑक्सिजन संपून ती काळी पडते, फक्त वर हवेला लागून एक उजेडाची रेघ राहते. बाटली हलवा, पुन्हा सगळी उजळते.

तिसरी गोष्ट तापमान. थंड समुद्रातल्या जाती फ्रीजच्या तापमानालाही चमकतात, आपल्या गरम समुद्रातल्या जाती तीस डिग्रीलाही मजेत असतात. पण प्रत्येक जातीला एक मर्यादा आहे. ती गाठत आली की बॅक्टेरिया वाढत राहतात, पण उजेड आधी कमी होतो.

चौथी गोष्ट अन्न. बायरिंक यांनी असे बॅक्टेरिया प्लेटमध्ये पसरले आणि वर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब टाकले. जो पदार्थ मानवला त्या थेंबाखाली उजेड वाढला. मीटर नाही, टायट्रेशन नाही, जीवच सांगतोय त्याला काय हवं ते.

त्यांचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग क्लोव्हरच्या पानांचा आहे. त्यांनी ही पानं चुरडून हिरवा रस काढला आणि तो चमकणाऱ्या बॅक्टेरियांत मिसळून अंधारात ठेवला. बॅक्टेरियांनी ऑक्सिजन संपवला आणि नळी काळी झाली. मग त्यांनी क्षणभर आगकाडी ओढली. तेवढ्याशा उजेडात पानाच्या हिरव्या कणांनी फोटोसिंथेसिस करून चिमूटभर ऑक्सिजन सोडला आणि नळी चमकली! एका काडीच्या उजेडाने तयार झालेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्या काळी कुठून आणणार? हे बॅक्टेरियाच ते यंत्र झाले.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. परिस्थिती बिघडली की बॅक्टेरिया लगेच मरत नाही. तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो, फक्त चमकत नाही. प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या चमकणाऱ्या बॅक्टेरियांत मधूनच मंद किंवा अगदी काळे वंशज निघतात, हेही बायरिंक यांनी नोंदवून ठेवलं आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर ते जिवंतच दिसणार. उजेड गेलाय हे अंधारात पाहिल्याशिवाय कळणारच नाही.

1895 मध्ये बायरिंक डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रोफेसर झाले, म्हणजे आपल्याच कॉलेजात परत आले. इथून पुढे त्यांना बायरिंकसर म्हणते. त्यांचं मोठं तत्त्व असं होतं की हवा तो जीव शोधत बसू नका, त्याला हवी ती परिस्थिती तयार करा, तो आपोआप पुढे येईल. यालाच आज एन्रिचमेंट कल्चर म्हणतात. या पद्धतीने त्यांनी सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे बॅक्टेरिया शोधले. लोखंडी पाइप गंजवण्यात त्यांचा हात असतो हे पुढे कळलं आणि आता तो इंजिनिअरांच्या डोक्याला ताप आहे. 1901 मध्ये त्यांनी ॲझोटोबॅक्टर शोधला, जो आपल्याकडे जिवाणू खत म्हणून शेतकऱ्यांना पाकिटातून मिळतो.

आणि 1898 मध्ये तंबाखूच्या पानांवरचा रोग. रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळला तरी रोग लागत होता. रशियात दिमित्री इवानोव्हस्की यांनाही 1892 मध्ये हेच दिसलं होतं. बायरिंकसरांनी ठामपणे मांडलं की हा बॅक्टेरिया नाही, काहीतरी वेगळं आहे, जे फक्त जिवंत पेशीतच वाढतं. त्याला त्यांनी व्हायरस म्हटलं. ज्या तंबाखूने वडिलांचा धंदा बुडवला, त्याच तंबाखूच्या पानाने मुलाला विज्ञानाच्या इतिहासात कायमची जागा दिली.

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवलं होतं. छान प्रेरणादायी लेख झाला होता. पण पुढचं वाचल्यावर तो तसा छापायला देणं मला बरं वाटेना.

बायरिंकसर विद्यार्थ्यांशी फार कठोर वागायचे. त्यांचं लेक्चर बहुतेकांच्या डोक्यावरून जायचं आणि समजलं नाही तर चूक विद्यार्थ्याची. ते चारचौघांत अपमान करायचे. त्यांनी लग्न केलं नाही, बहिणींबरोबर राहिले, आणि संशोधन करणाऱ्याने लग्न करूच नये असं त्यांचं मत होतं. अनेक विद्यार्थी त्यांना घाबरून असायचे. जो माणूस बॅक्टेरियाला मीठ किती, हवा किती, ऊब किती याचा इतका विचार करत होता, त्याने समोरच्या बाकांवर बसलेल्यांसाठी तो विचार का केला नसेल?

मला त्यांचा राग आला. आणि मग माझी फर्स्ट इयरची रूममेट आठवली.

ती मराठी मीडियमची, लहान गावातली. तालुक्यात पहिली आलेली. सुरुवातीला ती फार बोलायची. शाळेतल्या गमती, आईची पत्रं, मॅथ्सची गणितं सोडवायच्या तिच्या भन्नाट ट्रिका. माझं मराठी चुकलं की हसत हसत दुरुस्त करायची. आमची बाकी गँग कॉन्व्हेंटवाली. आम्ही खोलीत इंग्लिशमध्येच बोलायचो. तिने इंग्लिश बोलायला सुरुवात केली तेव्हा तिच्या उच्चारांची नक्कल आमच्यातल्या कुणीतरी केली आणि सगळ्या हसलो. मी जास्त हसले. एकदाच नाही, बरेच दिवस. ती गप्प होत गेली. लेक्चरला यायची, मेसमध्ये जेवायची, जर्नल वेळेवर द्यायची. अटेंडन्स फुल. त्यामुळे आम्हाला काही बिघडलंय असं वाटलंच नाही. दुसऱ्या सेमिस्टरनंतर तिने कॉलेज सोडलं. आम्ही म्हटलं, झेपलं नसेल.

बायरिंकसरांवर रागावणं सोपं होतं. पण त्या खोलीतली हवा आम्हीच होतो.

1921 मध्ये सत्तराव्या वर्षी नियमाप्रमाणे सर निवृत्त झाले. प्रयोगशाळा सोडणं त्यांना फार जड गेलं. ते खॉर्सेल नावाच्या गावी राहायला गेले आणि लहानपणीच्या नादाकडे, झाडापानांकडे वळले. 1 जानेवारी 1931 रोजी त्यांचं निधन झालं. नोबेल त्यांना मिळालं नाही. त्यांच्या जागी आलेले आल्बर्ट क्लायव्हर यांनी मात्र त्याच प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांची मोठी फळी तयार केली आणि डेल्फ्टचं नाव जगभर नेलं. इमारत तीच, विषय तोच. बदलली ती परिस्थिती.

त्या बॅक्टेरियांची गोष्ट पुढे चालूच राहिली. 1970 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हे जीव एकेकटे असताना उजेड देतच नाहीत. प्रत्येक जण पाण्यात एक रसायन सोडतो. गर्दी झाली, ते रसायन पुरेसं साठलं, की सगळे एकदम पेटतात. समुद्राच्या पाण्यात ते विरळ असतात म्हणून दिसत नाहीत, माशाच्या अंगावर दाटी झाली की दिसतात. कोकणात लाट फुटताना जो निळा झगमगाट दिसतो तो मात्र यांचा नाही. तो बहुतेक वेळा नॉक्टिलुका नावाच्या एकपेशीय जीवाचा असतो, आणि पाणी हललं की तो क्षणभर चमकतो. बॅक्टेरियांचा उजेड न लुकलुकता सलग राहतो. अख्खा समुद्र असा पांढुरका दिसल्याच्या गोष्टी खलाशी पूर्वीपासून सांगत होते. जानेवारी 1995 मध्ये सोमालियाजवळून जाणाऱ्या एका जहाजाने तशी नोंद केली आणि 2005 मध्ये जुनी उपग्रहचित्रं तपासल्यावर तिथे सुमारे 15,400 चौरस किलोमीटर चमकणारा पट्टा सापडला. तो सलग तीन रात्री दिसत होता.

आणि इंजिनिअरांसाठी खास गोष्ट. बायरिंकसरांनी ज्याला ‘फिशेरी’ नाव दिलं, तो बॅक्टेरिया आज सांडपाण्याची विषारीपणाची चाचणी करतो. दोन टक्के मिठाच्या पाण्यात, 15 डिग्रीला, कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना त्याच्यात मिसळायचा आणि अर्ध्या तासापर्यंत उजेड किती घटतो ते मोजायचं. याचं आयएसओ स्टँडर्डसुद्धा आहे, 11348. विषाने जीव मरायच्या आधी त्याचा उजेड उतरतो, म्हणून ही चाचणी एवढी लवकर उत्तर देते.

ही माहिती वाचली त्या रात्री मी माझ्या जुन्या रूममेटचा नंबर शोधून काढला. तीन दिवस धीर होत नव्हता. शेवटी फोन केला आणि मराठीतून माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितलं की ती आता गावाजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करते आहे, मॅथ्स घेऊन. माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण मराठीत लेख लिहिते आहे म्हटल्यावर, छापायच्या आधी चुका तपासायला पाठव, असं ती आपणहून म्हणाली. सुरुवातीला मी ज्या प्रूफ तपासणाऱ्यांचा उल्लेख केला, त्यांतली पहिली तीच.

येत्या जुलैमध्ये आपल्या हॉस्टेलवर नवीन बॅच येईल. कुणाचं इंग्लिश कच्चं असेल, कुणी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेलं असेल. मेसमध्ये, लॅबमध्ये, व्हायवाच्या टेबलावर त्यांच्या आजूबाजूची हवा आणि पाणी आपणच असू, सीनिअर्स आणि स्टाफ, सगळेच. एखादा मुलगा किंवा मुलगी नुसती हजेरी लावताना दिसली तर झेपत नसेल म्हणून सोडून देऊ नका. थोडा वेळ तिच्या शेजारी बसा, आणि बोलायला लागली तर हसू नका.